तारा उतरवू नकोस

तानपुऱ्यावर साथीला बसणाऱ्याला गाणाऱ्याचा चेहरा दिसत नाही. दिसते ती पाठ. मान, खांदे, श्वास भरताना किंचित फुलणाऱ्या बरगड्या. चौदा वर्षं मी माझ्या गाण्याच्या बाईंच्या मागे बसून तानपुरा छेडला, आणि तेवढ्या काळात मला त्यांची पाठ वाचता यायला लागली. तार षड्जावर, म्हणजे वरच्या ‘सा’वर, जायच्या आधी त्यांचा डावा खांदा अगदी थोडा खाली यायचा. समोर बसलेल्यांना तो सूर लागल्यावर ऐकू यायचा, मला तो येणार हे आधीच कळायचं.

म्हणून ज्या संध्याकाळी तो आला नाही, तेही मला आधी कळलं. खांदा खाली आला, श्वास भरला, आणि वर पोचता पोचता आवाज फाटला. क्षणभरच. बाईंनी तो सूर तिथेच सोडला, निषादावरून खाली उतरल्या, द्रुत बंदिश नेहमीपेक्षा लवकर आवरली आणि भैरवी म्हणून उठल्या. टाळ्या रोजच्यासारख्याच पडल्या. बऱ्याच जणांच्या लक्षातही आलं नसेल. परतीच्या वाटेवर बाई गाडीत एक शब्द बोलल्या नाहीत. त्यानंतर आलेलं प्रत्येक आमंत्रण त्यांनी ‘सध्या नको’ म्हणून परत केलं. ते ‘सध्या’ नऊ वर्षं चाललं.

त्या नऊ वर्षांत मला थांबलेल्या आणि परत आलेल्या कलावंतांची आयुष्यं वाचायचा नाद लागला. गायक, वादक, नट, नर्तक, जे सापडेल ते. ‘बाई, तुम्ही पुन्हा गाणार का?’ हे त्यांना विचारायचा धीर मला होत नव्हता. मग तोच प्रश्न मी दुसऱ्यांच्या आयुष्यांना विचारत बसले.

फ्रँक सिनात्रांनी वयाच्या ५५व्या वर्षी निवृत्ती जाहीर केली. १३ जून १९७१, लॉस एंजेलिस. शेवटचं गाणं त्यांनी असं निवडलं होतं की त्याच्या अखेरच्या ओळीत गाणारा माणूस नाहीसं होण्याची रजा मागतो. काळोखात एकच झोत, सिगारेटचा धूर, आणि त्या ओळीवर तो झोतही विझला. इतका देखणा निरोप क्वचितच कुणी घेतला असेल. दोन वर्षांनी, १९७३ साली, ते नवी रेकॉर्ड घेऊन परतले आणि पुढची बावीस वर्षं गात राहिले. शब्द आठवेनासे झाले तेव्हा समोरच्या पडद्यावर शब्द उमटवून गायले. मार्च १९९४मध्ये रिचमंडला गाता गाता मंचावर कोसळले, तरी थांबले नाहीत. शेवटचं गाणं झालं ते फेब्रुवारी १९९५मध्ये, वय ७९.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला त्या १९७१च्या निरोपाचा राग आला होता. मग तो झोत, तो धूर, ती निवडलेली ओळ, हे सगळं काय होतं? आता राग येत नाही. त्या रात्री ते खरंच बोलत होते, असं मला वाटतं. लांबचा चढ चढून आलेला माणूस ‘आता पुन्हा नाही’ म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. त्याचे पाय बोलत असतात. पायांचा ठणका थांबायला दिवस लागतात, आणि तो थांबला की डोंगर पुन्हा दिसायला लागतो.

नोकरीतल्या माणसाला निवृत्तीची तारीख कुणीतरी लावून दिलेली असते. ती जवळ येताना दिसते, तिच्यावर चिडता येतं, तिची तयारी करता येते. कलावंताला तारीख कुणी देत नाही. गळा हळूहळू उतरतो, गुडघे हळूहळू कुरकुरतात, आमंत्रणं हळूहळू कमी होतात, आणि यातला नेमका कुठला दिवस शेवटचा हे कुणी सांगायला येत नाही. मग तो स्वतःच एक दिवस ठरवतो आणि मोठ्याने सांगतो. मला वाटतं, ते सांगणं श्रोत्यांसाठी कमी आणि स्वतःसाठी जास्त असतं. उद्या सकाळी मन डळमळलं तर लाज आडवी यावी, म्हणून.

ऑस्ट्रेलियाच्या नेली मेल्बा या तिच्या काळातल्या सर्वांत मोठ्या ऑपेरा-गायिकांपैकी एक. १९२४ साली मायदेशात निरोपाचा हंगाम, १९२६च्या जूनमध्ये लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये निरोप, आणि १९२८ साली ऑस्ट्रेलियात आणखी निरोपाच्या मैफली. तिच्या देशात ‘मेल्बापेक्षा जास्त निरोप’ असा वाक्प्रचारच पडला. लोक तो हसून वापरतात. मला मात्र तिच्यात दारापर्यंत जाऊन पुन्हा पुन्हा वळून बघणारी बाई दिसते. घर सोडताना आपणही दिवा बंद आहे ना, म्हणून परत आत जातोच की.

हल्लीचं उदाहरण डॅनियल डे-लुईस यांचं. २०१७ साली त्यांनी आपल्या प्रतिनिधीमार्फत अभिनय थांबवत असल्याचं जाहीर केलं, आणि २०२५मध्ये मुलाने दिग्दर्शित केलेल्या चित्रपटातून ते परतले. तेव्हा ते म्हणाले की त्या वेळी मी गप्प बसलो असतो तर बरं झालं असतं. ते वाचताना बाई आठवल्या. बाईंनी जाहीर काहीच केलं नव्हतं. त्यांच्या ‘सध्या’ या शब्दात एक फट होती, आणि त्या फटीतून मी नऊ वर्षं आत डोकावत होते.

तरी माझा मूळ प्रश्न चुकत होता, हे कळायला वेळ लागला. कलावंत निवृत्त झाला, असं आपण एका दमात म्हणून टाकतो. पण कशातून निवृत्त झाला?

पियानोवादक ग्लेन गूल्ड यांनी वयाच्या ३१व्या वर्षी, १० एप्रिल १९६४ रोजी, लॉस एंजेलिसमध्ये शेवटची जाहीर मैफल केली आणि पुन्हा कधीही श्रोत्यांसमोर बसले नाहीत. पण पियानो त्यांनी सोडला नाही. १९८२ साली मरेपर्यंत ते स्टुडिओत वाजवत होते, एकेक वळण पुन्हा पुन्हा मुद्रित करत होते. त्यांना नको होती ती गर्दी, टाळी, एकाच फटक्यात सगळं साधायची सक्ती. बाखच्या ज्या रचनेने १९५५ साली त्यांचं नाव झालं होतं, तीच त्यांनी १९८१मध्ये पुन्हा मुद्रित केली. सुरुवातीचा छोटा भाग तरुणपणी दोन मिनिटांच्या आत संपला होता, आता त्याला तीन मिनिटं लागली. दोन्ही मुद्रणं पाठोपाठ ऐकावीत. पहिल्यात एक मुलगा जिने दोन-दोन पायऱ्यांनी चढतो आहे. दुसऱ्यात तोच माणूस प्रत्येक पायरीवर थांबून तिचा दगड बघतो आहे. माझ्या लेखी पुनरागमन म्हणायचं तर हे. प्रेक्षागृहात कुणी नव्हतं, प्रेक्षागृहच नव्हतं, तरी तो माणूस स्वतःच्या जुन्या वाजवण्याकडे परत आला होता.

अन्नपूर्णा देवींनी १९५०च्या दशकात मंचावर वाजवणं थांबवलं. त्यांचं सुरबहारवादन ज्यांनी ऐकलं त्यांची संख्या थोडी, आणि ऐकल्याचं सांगणाऱ्यांच्या आवाजातला आदर मात्र मोठा. त्या २०१८पर्यंत जगल्या. मधली सहा दशकं त्यांनी शिकवलं. निखिल बॅनर्जी, हरिप्रसाद चौरसिया, नित्यानंद हळदीपूर. त्यांचं वादन मंचावर आलं नाही, शिष्यांच्या हातांतून आलं. अशा बाईला निवृत्त म्हणायला माझी जीभ वळत नाही.

अमेरिकेत तीस वर्षं रात्रीचा गप्पांचा कार्यक्रम चालवणारे जॉनी कार्सन मे १९९२मध्ये बाजूला झाले आणि मग पडद्यावर जवळजवळ आलेच नाहीत. पण घरी बसून ते विनोद लिहायचे आणि डेव्हिड लेटरमनकडे पाठवायचे. लेटरमन त्यातले काही आपल्या कार्यक्रमात वापरायचे. २००५ साली कार्सन गेल्यावर लेटरमन यांनी एका रात्री सुरुवातीचं सगळं निवेदन फक्त कार्सन यांच्या विनोदांवर केलं, आणि ते कुणाचे होते हे नंतर सांगितलं. जिभेवर आलेला विनोद कुठेतरी उतरवल्याशिवाय चैन पडत नसावी. हसू दुसऱ्याला मिळालं तरी चालेल, पण ते कुठेतरी उमटलं पाहिजे.

आणि मग ग्रेटा गार्बो आणि सुचित्रा सेन. पहिलीने ३६व्या वर्षी, १९४१मध्ये, शेवटचा चित्रपट केला आणि १९९०पर्यंत जगली. दुसरीचा शेवटचा चित्रपट १९७८चा, आणि ती २०१४मध्ये गेली, तोवर दारं बंद. या दोघींबद्दल मला काही म्हणायचं नाही. ज्यांनी दार लावून घेतलं त्यांच्या खिडकीशी उभं राहून अंदाज बांधणं मला प्रशस्त वाटत नाही.

बाईंनी शिकवणं थांबवलं नव्हतं. मुली यायच्या, पलटे चालायचे, बाई पेटीवर सूर द्यायच्या. पण पंचमाच्या वर त्या स्वतः तोंड उघडत नव्हत्या, वरचं सगळं पेटी सांगायची. एकदा मी ठरल्या वेळेच्या तासभर आधी गेले. दार लोटलेलं होतं. आतून खर्ज ऐकू आला. एकच सूर, लांब, खाली बसलेला, मग श्वास, मग पुन्हा तोच. मी जिन्यातच बसले. तासाभराने दार वाजवलं तेव्हा बाईंनी दार उघडून विचारलं, “आत्ताच आलीस?” मी हो म्हटलं.

त्या दिवसापासून मी ‘बाईंनी गाणं सोडलं’ असं म्हणणं बंद केलं. त्यांनी ऐकवणं सोडलं होतं.

ऐकवणं सोडल्यावर ते पुन्हा धरणं किती जड असतं, हे व्लादिमिर होरोविट्झ यांच्याकडे बघून कळतं. पियानोवादकांतलं हे केवढं नाव! १९५३ साली थकवा आणि आजारपणाने ते मंचावरून बाजूला झाले. मधल्या काळात घरी थोडं ध्वनिमुद्रण केलं, पण लोकांसमोर आले नाहीत. बारा वर्षांनी, ९ मे १९६५ रोजी, न्यू यॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये ते पुन्हा बसणार असं जाहीर झालं तेव्हा तिकिटांसाठी लोक रात्रभर रांगेत उभे राहिले, आणि त्यांच्या पत्नीने रांगेतल्यांसाठी कॉफी पाठवली.

मैफल सुरू झाली आणि पहिल्याच रचनेच्या पहिल्याच काही क्षणांत होरोविट्झ यांचे सूर चुकले. ६१ वर्षांचा जगप्रसिद्ध वादक, बारा वर्षांचं मौन, कोंदून भरलेलं सभागृह, आणि उघड चुकीचे सूर. पुढे निघालेल्या रेकॉर्डमध्ये काही जागा दुरुस्त केल्या होत्या. कैक वर्षांनी, २००३मध्ये, मूळ ध्वनिमुद्रण जसंच्या तसं बाहेर आलं. मी ते चुकलेले सूर किती वेळा ऐकले असतील, गणती नाही. मला त्यांत भीती ऐकू येते, आणि ती भीती पाठीवर घेऊन पुढे जाणारी बोटंही. ते थांबले नाहीत. त्याच चुकलेल्या सुरांवरून पुढे गेले आणि कार्यक्रम उभा केला. माझ्या बाईंनी त्या संध्याकाळी फाटलेला सूर सोडून उतरणं पसंत केलं होतं. दोघांतलं कोण बरोबर, हे मला आजही सांगता येत नाही.

होरोविट्झ यांची गोष्ट तिथे संपत नाही. १९८३ साली टोकियोत ते इतकं वाईट वाजवून गेले की तिथल्या एका समीक्षकाने त्यांना तडा गेलेल्या मौल्यवान पुरातन वस्तूची उपमा दिली. ते औषधांच्या अमलाखाली होते. पुन्हा मौन, पुन्हा घर. आणि १९८६मध्ये ते त्याच टोकियोला जाऊन नीट वाजवून आले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये, ८२व्या वर्षी, ६१ वर्षांपूर्वी सोडलेल्या देशात, मॉस्कोत वाजवलं. त्या मैफलीच्या चित्रीकरणात श्रोत्यांमधल्या एका माणसाच्या गालावरून पाणी ओघळताना दिसतं. तो हलत नाही, पुसत नाही.

त्या माणसाबद्दल मी खूप विचार केला आहे. परतणाऱ्या कलावंताला ऐकायला आपण कशासाठी जातो? आपण आपल्यालाच शोधायला जातो, असं म्हणायची पद्धत आहे, आणि त्यात तथ्य आहे. बारा वर्षांत रांगेतली माणसंही बारा वर्षांनी मोठी झालेली असतात. पण तेवढंच असतं तर जुनी रेकॉर्ड पुरली असती. तिच्यात आवाज तरुण असतो, चूक नसते, आणि आपलं तरुणपणही तिच्यात जसंच्या तसं ठेवलेलं असतं. तरी आपण घर सोडून जातो, कारण रेकॉर्डला आपण समोर आहोत हे कळत नाही. मंचावरच्या माणसाला कळतं.

पैशाचं बोलायला हवं. कुणी परतलं की पहिला शेरा तोच असतो. पैसे संपले असतील. संपलेही असतील! त्याने गाण्याला काय कमीपणा येतो, हे मला कधी समजलं नाही. नोकरदार पगारासाठी कामावर गेला तर आपण त्याला जबाबदार म्हणतो.

कवी-गायक लिओनार्ड कोहेन १९९३च्या दौऱ्यानंतर थांबले, लॉस एंजेलिसजवळच्या डोंगरावरच्या झेन मठात राहायला गेले, १९९६ साली भिक्षू झाले. १९९९मध्ये खाली उतरले. काही वर्षांनी लक्षात आलं की आयुष्यभराची पुंजी त्यांच्या व्यवस्थापकाने संपवून टाकली आहे. न्यायालयाने निकाल त्यांच्या बाजूने दिला, पण निकालाने बँकेत पैसे येत नाहीत. म्हणून २००८च्या मे महिन्यात, ७३व्या वर्षी, कॅनडातल्या एका लहानशा नाट्यगृहातून त्यांनी पुन्हा सुरुवात केली. २०१३च्या अखेरपर्यंत जगभर गात हिंडले, एकेक मैफल तीन-तीन तासांची. श्रोत्यांना सांगायचे की मागच्या वेळी मंचावर उभा होतो तेव्हा साठीचा होतो, डोक्यात वेडं स्वप्न घेतलेला पोरगाच. गाता गाता गुडघ्यांवर बसायचे. साथीदार वाजवत असताना टोपी काढून छातीशी धरून ऐकत उभे राहायचे.

ती चित्रणं बघताना मला त्या टोपीचं फार वाटतं. गरज त्यांना मंचावर घेऊन आली, पण टोपी काढायला तिने सांगितलं नव्हतं. गरज दारापर्यंत आणून सोडते, आत गेल्यावर माणूस काय करतो हे तिच्या हातात नसतं.

मार्गो फाँटेनचं तसंच. १९६०च्या सुमारास, चाळिशी ओलांडताना, बॅलेतलं तिचं नाचणं संपत आल्याचं सगळेच धरून चालले होते. १९६१मध्ये रुडॉल्फ नुरेयेव्ह सोव्हिएत संघ सोडून पश्चिमेत आला आणि २१ फेब्रुवारी १९६२ रोजी दोघं लंडनमध्ये पहिल्यांदा एकत्र नाचले. ती ४२ वर्षांची, तो २३ वर्षांचा. या वयाच्या मुलाबरोबर नाचावं का, हा प्रश्न तिला पडला होता. नाचली, आणि तिच्या कारकिर्दीचा दुसरा मोठा काळ तिथून सुरू झाला. दोन वर्षांनी तिच्या नवऱ्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, तो कायमचा पांगळा झाला, आणि त्याच्या शुश्रूषेच्या खर्चासाठी ती साठीपर्यंत नाचत राहिली. प्रेम, गरज, जोडीदार, हौस, कर्तव्य. यातला कुठला धागा तिला ओढत होता, हे वेगळं काढायला गेलं तर सगळंच उसवेल.

आणि थांबायला हवं होतं असं ज्यांच्याबद्दल म्हणतात, ते? बालगंधर्व पन्नाशी उलटल्यावरही तरुण नायिका करत राहिले. अंग सुटलं होतं, मंडळी कर्जात होती, बोलपटाने प्रेक्षक ओढून नेला होता. १९३५ साली तेही बोलपटात जाऊन आले, पुरुषाच्या भूमिकेत, आणि परत रंगभूमीवरच आले. उतारवयातले त्यांचे प्रयोग लोक डोळे मिटून ऐकायचे, असं त्या पिढीच्या आठवणींत येतं. ते वाक्य हळहळीने सांगितलं जातं. मला मात्र त्यात प्रेक्षकांचा मोठेपणा दिसतो. जे सरलं आहे त्यावर डोळे मिटायचे आणि जे शिल्लक आहे त्याला कान द्यायचा, एवढं प्रेम सगळ्यांच्या वाट्याला येत नाही.

परत येण्याबद्दल सर्वांत जास्त मला दोन माणसांनी शिकवलं. पहिले कुमार गंधर्व.

लहानपणीच लोकांना थक्क करणारा मुलगा. विशीत नाव सगळीकडे झालेलं. १९४७च्या सुमारास क्षय झाला, कोरड्या हवेसाठी देवासला जाऊन राहिले, आणि डॉक्टरांनी गाणं बंद केलं. गाणाऱ्याला गाणं बंद, म्हणजे गुणगुणणंही बंद. पाच-सहा वर्षं अंथरुणात. ज्या औषधाने ते वाचले ते तेव्हा नुकतंच मिळायला लागलं होतं. एक फुफ्फुस निकामी झालं ते झालंच. त्या काळात ते फक्त ऐकत होते. खिडकीबाहेरून जाणाऱ्या बायकांची माळव्यातली लोकगीतं, त्यांच्या चढ-उताराच्या जागा, त्यांतून रागाचं बीज कसं डोकावतं ते.

१९५०च्या दशकाच्या सुरुवातीला ते पुन्हा गायला लागले तेव्हा जे आलं ते पूर्वीचं गाणं नव्हतं. लहान लहान, टोकदार स्वरवाक्यं, अचानक फेकलेला सूर, मग शांतता, आणि त्या शांततेत तानपुरा. एका फुफ्फुसामुळे ही शैली घडली असं पुष्कळदा म्हटलं जातं. मला ते पुरतं पटत नाही. श्वास अपुरा पडणारे गायक कितीतरी असतात, त्यांतले बहुतेक जुनंच गाणं तुकड्यांत गातात. पाच-सहा वर्षं गप्प राहून ऐकलेलं ज्याच्यात साठलं होतं, त्यालाच अपुऱ्या श्वासाचं काय करायचं ते सुचलं. आजारपणाने वाट अडवली हे खरं, पण दुसरी वाट त्यांनी पडल्या पडल्या आखून ठेवली होती.

दुसरी जोनी मिचेल. २०१५ साली तिच्या मेंदूतली रक्तवाहिनी फुगून फुटली. चालणं, बोलणं पहिल्यापासून शिकावं लागलं. नवव्या वर्षी पोलिओने गाठलं होतं तेव्हाही शिकावं लागलं होतं. हे दुसऱ्यांदा. गिटारवर बोटं कुठे ठेवायची तेही हातांना आठवेना, तेव्हा ती इंटरनेटवर स्वतःचेच जुने व्हिडिओ लावून बोटं बघायची. स्वतःच स्वतःची शिष्या! तरुण गायक-वादक तिच्या घरी जमून गायला लागले, आधी ती नुसती ऐकायची, मग मधेच एखादी ओळ धरायची. २४ जुलै २०२२ रोजी, ७८व्या वर्षी, न्यूपोर्टच्या महोत्सवात ती कुणाला आधी न सांगता आली. खुर्चीत बसून गायली, आणि गिटार हातात घेतली तेव्हा उभी राहिली. तरुणपणचा तो उंच, पक्ष्यासारखा आवाज आता खोल, गडद झालेला. कोवळ्या वयात लिहिलेल्या ओळी ती त्या आवाजात म्हणत होती आणि तिच्या शेजारी बसलेल्या मुली रडत होत्या. ओळी त्याच होत्या. आता त्या खऱ्या झाल्या होत्या.

ते मी बाईंना दाखवलं. फोनच्या छोट्या पडद्यावर त्या शेवटपर्यंत बघत बसल्या. संपल्यावर एवढंच म्हणाल्या, “पट्टी केवढी खाली आणली आहे.”

मग दोन महिन्यांनी त्यांचा फोन आला. “तानपुरा घेऊन येशील? थोडी माणसं येणार आहेत. गाईन म्हणते.”

बाईंचा तानपुरा ती नऊ वर्षं माझ्याकडे होता, आणि मी तो त्यांच्या पट्टीत ठेवला होता, काळी चार. गेल्यावर सवयीने त्याच पट्टीत मिळवायला लागले तर त्या म्हणाल्या, “पांढरी चार.”

काळी चार ते पांढरी चार म्हणजे तीन अर्धस्वर खाली. ऐकायला थोडं वाटतं. पण तानपुऱ्याला ते थोडं नसतं. इतक्या खाली आणल्या की तारा सैल पडतात, नाद बसतो, जवारी, म्हणजे तारांची ती गुंजणारी झणक, बोलेनाशी होते. मी खुंट्या पिळत होते आणि तानपुरा नुसता भरभरत होता. शेवटी बाईंनी दोन तारा बदलायला लावल्या, जरा जाड घ्यायला सांगितल्या, आणि मग स्वतः पुढे वाकून घोडीवरचा दोरा केसभर इकडे, केसभर तिकडे सरकवत बसल्या. अर्धा तास तरी गेला असेल. मग एकदम, एका जागी, चारही तारा मिळून बोलायला लागल्या. काळी चारला हा तानपुरा झगमगायचा. आता त्याचा आवाज जमिनीतून आल्यासारखा होता. बाईंनी कान लावून ऐकलं आणि मान हलवली.

चाळीसेक माणसं होती. काही जुनी, ओळखीची, काही मुलींच्या मागून आलेली. मी नेहमीच्या जागी, बाईंच्या मागे. पाठ बारीक झाली होती. पहिला षड्ज लावताना मानेवरची शीर ताठ झाली, मग हळूहळू सैल होत गेली. विलंबित त्यांनी फार पसरलं नाही. पूर्वी तीन आवर्तनं घ्यायच्या तिथे एकात सांगायच्या आणि गप्प बसायच्या. त्या गप्प असताना माझ्या बोटांना धाक वाटत होता, कारण तेवढा वेळ सगळी माणसं फक्त तानपुरा ऐकत होती.

मग त्या वर निघाल्या. पंचम, धैवत. मी पाठीकडे बघत होते. डावा खांदा खाली येईल म्हणून वाट बघत होते, आणि त्याबरोबर नऊ वर्षांपूर्वीचा तो क्षणही येईल म्हणून माझा श्वास अडकला होता. खांदा हलला नाही. बाई निषादावर पोचल्या, तो लावला, धरला, आणखी धरला, इतका की समोर बसलेला प्रत्येक जण मनातल्या मनात पुढचा षड्ज गात असणार. आणि तिथे त्या थांबल्या. तोंड मिटलं. त्या शांततेत माझ्या बोटाखालची तार छेडली गेली आणि षड्ज तानपुऱ्यातून आला.

समोरून ‘वा’ आली. एक नाही, पुष्कळ.

त्यांनी तो सूर मुद्दाम तानपुऱ्यावर सोपवला, की श्वास पुरला नाही म्हणून तो तानपुऱ्याकडे गेला? चौदा वर्षं मी ती पाठ वाचत आले होते, पण त्या संध्याकाळी मला ती वाचता आली नाही. विचारायचं मनात आलं होतं. विचारलं नाही.

माणसं गेल्यावर मी तानपुऱ्याची गवसणी काढून आणली. रात्र झाली होती. तानपुरा घरी न्यायचा, म्हणून नेहमीप्रमाणे तारांवरचा ताण कमी करायला पहिल्या खुंटीला हात घातला. बाई आतल्या खोलीत पाणी पीत होत्या. तिथूनच त्यांचा आवाज आला.

“तारा उतरवू नकोस गं. आणि तानपुरा इथेच राहू दे. सकाळी लागेल.”